चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे गंजलेले ब्रेक: काय साफ करायचं, काय बदलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीडशे सीसीची गाडी मे महिन्यात गुहागरच्या घरी, मागच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवून तुम्ही पुण्याला गेलात. गणपतीला आलात तर पुढची डिस्क लाल झालेली, गाडी ढकलताना पुढचं चाक जड लागतंय, कॅलिपरचे (डिस्कला दोन्हीकडून पॅडने चिमटणारा भाग) बोल्ट आणि ब्लीडिंगचं निपल (ब्रेकमधली हवा आणि जुनं ऑइल काढायची पोकळ तोटी) गंजलेलं. शेजारचे म्हणाले, सगळ्यावर डिझेल नाहीतर डब्ल्यूडी-४० मारा, मोकळं होईल. ते मारू का, की अख्खा ब्रेकच बदलून टाकू? आणि याच गाडीवर पुण्याला परत जाता येईल का?

डिझेल आणि स्प्रे आत्ता बाजूला ठेवा. पॅडला तेल लागलं की ते आत मुरतं आणि ब्रेक लागेनासा होतो. असे पॅड कितीही घासले, जाळले तरी मी पुन्हा बसवत नाही. दुसरी गोष्ट कॅलिपरमधल्या रबराची. ब्रेक ऑइल आपण म्हणतो, पण ते तेल नसतं, ग्लायकॉलवर बनवलेला द्रव असतो आणि कॅलिपरची सीलं त्या द्रवाला चालणाऱ्या रबराची असतात. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, साधं ग्रीस यांपैकी काहीही लागलं की ते रबर फुगतं. फुगलेलं सील पिस्टनला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या दट्ट्याला, घट्ट धरतं, म्हणजे जाम सोडवायला मारलेलं डिझेल जाम वाढवतं. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजांत कॅलिपर डिझेलमध्ये धुवायची सवय आहे. गाडी कुणाकडे दिलीत तर हे आधीच स्पष्ट सांगा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या नजरेत भरलेला गंज आणि चाक जड होण्याचं कारण या बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी असतात. मोटरसायकलची डिस्क क्रोमियम असलेल्या स्टीलची असते, पण भांड्यांच्या स्टीलइतकी ती गंजाला दाद न देणारी नसते. चुंबक लावून बघा, चिकटेल. खाऱ्या हवेत उभी राहिली की तिच्यावर लाल थर येतो आणि ब्रेक नीट चालत असेल तर दहा-बारा वेळा हळू ब्रेक मारल्यावर पॅडच तो पुसून काढतात. तिच्या मधल्या भागावर, बोल्टांच्या आसपास, जिथे पॅड पोचतच नाही तिथला गंज मी साफ करायच्याही भानगडीत पडत नाही. त्रास देणारा गंज आत असतो: पिस्टनवर, सीलच्या मागच्या खाचेत, कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनांवर, आणि पॅडच्या लोखंडी पाठीवर. त्यामुळे किती लाल दिसतंय हे मी बघत नाही, कुठे गंजलंय ते बघतो.

पाऊस लागला नाही तरी एवढा गंज कसा, असं तुम्ही विचारलंय. किनाऱ्यावर हवेतून मीठ येऊन धातूवर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे ताडपत्रीखालच्या तुमच्या गाडीवर चार महिने मिठाच्या पाण्याचा पातळ थर बसलेला होता. त्यात ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधलेली असेल तर खालच्या मातीची वाफही आतच कोंडते. नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये उघडी उभी केलेली गाडी यापेक्षा बरी राहते.

दुसरं कारण दोन धातूंचं. कॅलिपर ॲल्युमिनियमचा, त्यात बसवलेलं निपल आणि बोल्ट स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे लहानसा बॅटरीचा सेलच झाला. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून आट्यांमध्ये आणि खाचांमध्ये ती पाचर मारल्यासारखी बसते. लाल गंजाने लोक घाबरतात. मला कॅलिपरवरच्या या पांढऱ्या भुकटीची जास्त काळजी वाटते.

तुमच्या गाडीचं नक्की काय झालंय हे न बघता सांगता येणार नाही. घर समुद्रापासून किती लांब आहे, ठेवण्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुतली होती का, ती कधी पुळणीवर फिरवली होती का, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, यावर बरंच अवलंबून आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून रोज ये-जा करणारी गाडी आणि चिपळूणच्या बाजारात फिरणारी गाडी एकाच वर्षाची असली तरी त्यांचे कॅलिपर खोलल्यावर फरक लगेच दिसतो. पण दोष कुठे आहे हे शोधायची पद्धत तीच राहते.

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचला आणि हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज येतोच, तो सोडून द्या. चाक सुरुवातीला अडलं आणि एक 'कट' आवाज होऊन सुटलं, तर पॅड नुसते डिस्कला चिकटले होते. डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग दिसेल. आता लिव्हर दोन-तीनदा दाबा, सोडा आणि पुन्हा फिरवा. आता मोकळं फिरलं तर तुमचं निम्मं टेन्शन गेलं. सोडल्यावरही चाक धरलेलंच राहिलं तर पुढे बघायचं.

तुमच्या वर्गातल्या गाड्यांना बहुधा सरकता कॅलिपर असतो: पिस्टन एकाच बाजूला, आणि दुसऱ्या बाजूचा पॅड दाबला जावा म्हणून अख्खं अंग दोन पिनांवर सरकतं. कॅलिपर हाताने आत-बाहेर हलवून बघा. हललाच नाही तर पिना जाम आहेत. तो हलतोय पण पिस्टन मागे जात नाहीत, तर पिस्टन किंवा सील. आणि तिसरी शक्यता पटकन लक्षात येत नाही: ब्लीडिंग निपल उघडल्यावरच पिस्टन मागे जातात, एरवी नाही. मग कॅलिपर निर्दोष असतो. दोष वर हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये असतो किंवा पाइप आतून फुगलेला असतो. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल टाकीत परत जाण्यासाठी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. जुनं ऑइल घट्ट होऊन ते बुजलं की दाब सुटतच नाही. एवढी तपासणी न करता नवा कॅलिपर बसवणारे मी पाहिलेत. ब्रेक धरायचा तो धरतच राहतो.

पिना जाम असतील तर काम सोपं आणि स्वस्त आहे. ब्रॅकेटमधून कॅलिपर ओढून काढा, पिना काढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसून टाका. नुसता रंग बदलला असेल तर बारीक पॉलिश पेपर पुरतो, पण खड्डे पडले असतील तर पिना बदला. रबरी बूट फाटला असेल तर तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पाणी तिथूनच आत गेलेलं असतं. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा. चेनचं किंवा बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने बूट फुगतो.

पॅड हातात आले की कडेने बघा. पाठ लोखंडी असते आणि तिच्यावर घर्षणाचा मसाला चिकटवलेला असतो. गंज या दोन्हींच्या मध्ये शिरला की पापुद्रा फुगतो आणि एखाद्या जोरदार ब्रेकला अख्खा मसाला सुटून पडतो. समुद्रकाठच्या गाड्यांमध्ये मला सर्वात धोकादायक वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण समोरून पाहिलं तर पॅड भरपूर जाड आणि ठणठणीत दिसतो. कडेला फट किंवा फुगवटा दिसला, तर मसाला कितीही शिल्लक असो, दोन्ही पॅड बदला.

आता पिस्टन. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावे लागतात आणि बहुतेकांची चूक इथे होते. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येत जातो. त्याचा बाहेर आलेला भाग धूळ, मीठ, पाणी यांत उघडा असतो आणि त्यावर गंजाचे ठिपके पडतात. तोच भाग तसाच आत दाबला की तो सीलमधून खरडत जातो. त्या दिवशी ब्रेक छान लागतो, काही आठवड्यांनी कॅलिपर गळायला लागतो, आणि दोष नव्या पॅडवर जातो. म्हणून ढकलायच्या आधी पॅड काढून लिव्हर हळूहळू दाबत पिस्टन थोडे बाहेर आणा, साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने चहूबाजूंनी घासा, पुसा, आणि बोट फिरवून बघा. गुळगुळीत असेल तर ताज्या ब्रेक ऑइलचा हात लावून आत ढकला. नखाला खड्डा लागला तर तो पिस्टन संपला. पॉलिश पेपरने घासून खड्डा जात नाही, वरचा कडक मुलामा मात्र जातो.

पिस्टन स्वच्छ असूनही घट्ट असेल तर सीलच्या मागच्या खाचेत पांढरी भुकटी साचली आहे असं समजा. तिथली रचना मला फार आवडते. चौकोनी काटछेदाचं सील ब्रेक दाबल्यावर पिस्टनबरोबर किंचित वाकतं आणि सोडल्यावर परत सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. कॅलिपरमध्ये वेगळी स्प्रिंग नसते, मागे आणण्याचं सगळं काम एवढ्याशा रबराचं असतं. खाचेत भुकटी भरली की सील वाकायला जागा उरत नाही आणि पिस्टन परत येत नाही. इलाज एकच: पिस्टन पूर्ण काढायचे, सीलं काढायची, खाच लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकाने साफ करायची, लोखंडी टोच्याने नाही. मग कंपनीचं सील किट, ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून. किटची किंमत नव्या कॅलिपरच्या मानाने किरकोळ असते. मात्र खाच खाल्ली गेली असेल, पिस्टनच्या भोकाच्या भिंतीला खड्डे असतील किंवा निपलचे आटे गेले असतील, तर कॅलिपर बदला, तिथे जुगाड नको. पिस्टन बाहेर काढायला काँप्रेसरची हवा मारायची तर समोर कधीच बोटं ठेवू नका. पिस्टन गोळीसारखा सुटतो. घरी लिव्हर दाबून काढणंच बरं.

निपलबद्दल थोडं सावकाश सांगतो, कारण तुमच्या हातून तुटण्याची शक्यता सर्वात जास्त याचीच आहे. ते आतून पोकळ असतं आणि त्याला फार जोर सहन होत नाही. उघडा पाना अजिबात लावू नका. सहा बाजूंचा रिंग किंवा बॉक्स पाना घ्या. पॅड आधी काढून ठेवा, मग गंज सोडवणारा स्प्रे फक्त निपलच्या मुळाशी थेंबभर द्या आणि रात्रभर राहू द्या. स्प्रेला माझी इथे परवानगी आहे, पण तेवढीच. दुसऱ्या दिवशी निपलच्या भोकात बसेल असं जुनं ड्रिल बिट घालून वरून लहान हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे आट्यांतली भुकटी तडकते आणि निपल चेपत नाही. मग आधी अगदी किंचित आवळा, आणि मग सोडवा. पिळतंय पण फिरत नाही असं हाताला जाणवलं की थांबा. नवं निपल बसवताना फार आवळू नका, बहुतेक गाड्यांना ६ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा घ्या. वरची रबरी टोपी नक्की लावा. ती टोपी हरवते, भोकात पाणी साचतं, आणि पुढच्या वर्षी हीच कथा.

गंजलेले बोल्ट काढून हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) बोल्ट टाकायची किनाऱ्यावर फॅशन आहे. नंबर प्लेटला, मडगार्डला खुशाल लावा. कॅलिपर आणि डिस्क धरणाऱ्या जागी नको. बाजारात मिळणारा साधा एसएस बोल्ट ए२-७० प्रतीचा असतो, त्याची ताणशक्ती ७०० मेगापास्कल. १०.९ छापाच्या स्टील बोल्टची १००० च्या वर असते. शिवाय एसएस आणि ॲल्युमिनियम यांची जोडी खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम अधिकच खाते. डोक्यावर नुसता गंज असलेला मूळ बोल्ट वायर ब्रशने घासून परत वापरायला हरकत नाही. दांडा बारीक झाला असेल किंवा डोक्याची धार गेली असेल तर कंपनीचाच नवा घ्या. असे बोल्ट व्हिनेगरमध्ये किंवा बाटलीबंद गंजनाशक आम्लात भिजत घालू नका. कडक स्टीलमध्ये आम्लामुळे हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होऊ शकतो, दिसायला मात्र नवा दिसतो. ब्रेक पाइपच्या टोकाचा बँजो बोल्ट उघडलात तर दोन्ही तांब्याचे वॉशर नवे टाका.

डिस्कवर हात फिरवून बघा. पॅड फिरतो त्या पट्ट्यात नखाला लागतील असे खड्डे नसतील तर बारीक पॉलिश पेपर हलका गोल फिरवा, ब्रेक क्लीनरने पुसा, झालं. बऱ्याच डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ३.५ मिमी. मोजून त्याच्या खाली असेल तर डिस्क बदलायची, गंज असो वा नसो.

मागे ड्रम असेल तर तोही खोला. तिथे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) उघडणारा स्टीलचा कॅम ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये फिरतो आणि तीच पांढरी भुकटी तिथेही त्याला धरते. पायाचा ब्रेक सोडल्यावर ड्रमबाहेरची दांडी आळसावून परत येत असेल तर हेच. कॅम काढून साफ करा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, जास्त लावलंत तर ते शूवर जातं. हर्णैच्या बंदरावरून मासळी नेणाऱ्या गाड्यांचा मागचा ब्रेक पुढच्याच्या आधी जातो, कारण क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी थेट त्यावर ठिबकत राहतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

कॅलिपर खोला अथवा न खोला, ब्रेक ऑइल बदलाच. हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पाणी मुरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. शिवाय ते पाणी आतून गंज आणतं. साधारणपणे दर २ वर्षांनी बदला असं सांगतात, किनाऱ्यावरच्या गाडीला मी दरवर्षी मे महिन्यात बदलतो, म्हणजे पावसाळाभर उभी राहताना आत ताजं ऑइल असतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रतीचं, सीलबंद बाटलीतलं घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, त्यामुळे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर हे आणखी मनावर घ्या. एबीएसच्या युनिटमधले बारीक झडपांचे मार्ग जुन्या ऑइलने गंजले तर दुरुस्ती फार महाग पडते. अशा गाडीच्या ब्रेकमधली हवा (एअर) नीट निघत नसेल तर सर्व्हिस सेंटरला न्या, काही युनिटांना त्यासाठी स्कॅनर लागतो.

आता पुण्याचं. चाक हाताने मोकळं फिरतंय, लिव्हर कडक लागते आणि एक मिनिट दाबून धरली तरी खाली बसत नाही, निपल आणि पाइपच्या जोडांवर ओल नाही, पॅडच्या कडा शाबूत आहेत, तर गावातल्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारत सुरुवात करा. निघण्यापूर्वी लिव्हर पंप करायला विसरू नका, पिस्टन मागे ढकललेले असतील तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पाचेक किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून थांबा आणि डिस्कजवळ हात न्या, टेकवू नका. ब्रेक न मारताही चांगलीच धग लागली तर तो अजून धरतोय. अशी गाडी घेऊन कुंभार्ली घाटाच्या वाटेला लागू नका. ब्रेक सतत घासत राहिला की ऑइल तापतं, त्यात पाणी असेल तर उकळतं, आणि लिव्हर हँडलपर्यंत रिकामी येते. तशी शंका असेल तर गाडी चिपळूणपर्यंत टेम्पोत घाला आणि तिथे कॅलिपर खोलून घ्या. पिस्टन किंवा निपल तुटलेलं निघालं तर सुटे भाग मिळायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून विसर्जनाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

पुढच्या मे महिन्यात गाडी पुन्हा ठेवणार असाल तर आधी गोड्या पाण्याने कॅलिपरच्या आतपर्यंत धुवा, एक फेरी मारून ब्रेक वाळवा, ताडपत्रीऐवजी खालून हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला. आणि घरी जे कोणी असेल त्यांना आठवड्यातून एकदा गाडी अंगणात पुढे-मागे ढकलून दोन्ही ब्रेक दहा-दहा वेळा दाबायला सांगा. गाडी चालू करायचीही गरज नाही.